सहा खांबांची बंगली

माझे वडील सुतार होते. भडगावला गिरणेच्या अंगाला त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार खांबांवर टाकलेले पत्रे आणि खाली बाभळीच्या लाकडांचा ढीग. बैलगाड्या, वखर, तिफणी, दारांच्या चौकटी असं सगळंच ते करत, पण नाव होतं ते चाकांसाठी. आबांचं चाक वाकडं चालत नाही, असं लोक म्हणत. आम्हा तीन बहिणींना एक भाऊ. त्याला लाकडाची मुळीच गोडी नव्हती. पुढे तो धुळ्याला कापडगिरणीत लागला. पण हत्यारांना हात लावायची मुभा त्याला होती, आम्हाला नव्हती. दसऱ्याला करवत, वाकस, पटाशी ओळीनं मांडून पूजा व्हायची, तेव्हा आम्ही मुली उंबऱ्याबाहेरून हात जोडायचो.

एक काम मात्र मुलींना चालत असे. लाकडाला भोक पाडायला सामता नावाचं हत्यार असतं. त्याच्या दांड्याला दोरी गुंडाळलेली असते. एकानं सामता वरून दाबून धरायचा आणि दुसऱ्यानं समोर बसून दोरीची दोन टोकं आळीपाळीनं ओढायची. दोरी म्हणजे काही हत्यार नव्हे, असं आबांचं मत असावं. आठव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत मी ती दोरी ओढली. दोरी ओढताना हात गुंतलेले असतात, डोळे मोकळे असतात. आबा कूस, म्हणजे लाकडाच्या टोकाला भोकात बसणारी जीभ, कशी काढतात, कापताना रेघ कुठे ठेवतात आणि कुठे करवतीनं खातात, पाचर किती ठोकली की थांबतात, हे सगळं मी हातभर अंतरावरून बघत होते. शिकतेय असं मला वाटत नव्हतं, त्यांनाही वाटत नसणार.

लग्न होऊन मी चाळीसगावला आले. सासरही सुताराचंच, पण त्यांची सुतारकी दोन पिढ्यांमागे सुटली होती. सासऱ्यांनी शेती केली आणि आमचे हे रेल्वेत लागले, मालगाडीवर गार्ड झाले. कधी भुसावळ, कधी मनमाड. गेले की दोन दोन दिवस घरी नसत. सासूबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणे, म्हणून मीही अक्काच म्हणू लागले. अक्कांना मुलाच्या पांढऱ्या कोटाचा फार अभिमान होता. कोट धुऊन वाळत घातला की तो उतरवेपर्यंत त्या दोरीखालून हलत नसत.

घर लहान होतं, पण मागे परसू मोठं होतं. त्यात एक जुना निंब, एक पडलेला गोठा आणि एक मोडकी बैलगाडी. शेतीची वाटणी झाली तेव्हा जमीन दिरांकडे गेली, घर आमच्याकडे आलं आणि घराबरोबर ही गाडी आली. एक चाक बसलेलं, जू गायब. गोठा तर आधीच्या पावसाळ्यात आडवा झाला होता. त्याचे खांब आणि वासे एकमेकांवर पडून होते. अक्का त्यातलं काही फेकू देत नसत आणि उचलूही देत नसत.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी दोनेक वर्षं असतील. हळदीकुंकवाला म्हणून रेल्वेच्या एका मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर आम्हा बायकांना बोलावणं आलं. त्यांच्या बागेत सहा खांबांची एक टुमदार छत्री होती. भिंत कुठेच नाही, वर उतरतं छप्पर, सगळ्या बाजूंनी वारा. साहेबांची बायको तिथे वेताच्या खुर्चीवर बसून विणकाम करत होती. बायका तिच्या साडीकडे बघत होत्या, मी छपराकडे बघत होते. सहा वासे वर कुठे आणि कसे मिळालेत, ते मला कळेना. लोखंडाचं होतं, डाग देऊन जोडलेलं. घरी येताना मला सारखं वाटत राहिलं की आपल्याला बसायला अशी जागा नाही. पुढच्या ओट्यावर पुरुष बसत. स्वयंपाकघरात धूर. पत्र्याखालच्या खोलीत दुपारी भट्टी व्हायची. निवडायला, टिपायला, नुसतं पाय पसरून बसायला बाईला वाऱ्याची म्हणून जागा नव्हती. आणि मागे तर एवढं लाकूड पडलेलं होतं.

अक्कांना विचारलं, मागे एक छत्री करू का बसायला. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "छत्री मरेल मानूसनी बांधतस वं माय. माले आते जित्ती राहू दे."

खरं होतं. आमच्याकडे छत्री म्हणजे मोठ्या माणसाच्या समाधीवर बांधतात ती. मग मी बंगली म्हणाले, मागच्या पडक्या लाकडाची. बंगलीला त्यांनी नाही म्हटलं नाही, त्या नुसत्या हसल्या. सुतार बोलवायचा म्हणजे महिनाभर मागे लागावं लागेल, तोवर ही विसरेल, असा त्यांचा हिशोब असावा. मी स्वतः करणार आहे हे मी सांगितलंच नव्हतं. मलाही ते बोलायचं धाडस नव्हतं.

हत्यार म्हणावं असं माझ्याकडे एकच होतं. आबांची झिजून चार बोटं उरलेली पटाशी आईनं नारळ फोडायला घेतली होती आणि माझ्या लग्नात भांड्यांबरोबर दिली होती. ती मी दगडावर दोन दिवस घासली. कापायला करवत आणि तासायला वाकस हवे होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारे मुसलमान सुतार दुकान चालवत. टांग्यांची कामं करत, सगळे त्यांना चाचा म्हणत. मी दुपारी गेले आणि करवत मागितली. काय कापायचं आहे, मीच येऊन कापून देतो बेटी, असं ते म्हणाले. मला स्वतःला कापायचं आहे म्हटल्यावर त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग विचारलं, बाप कोण. मी भडगाव सांगितलं, चाकं सांगितली. शुक्रवारी त्यांचं दुकान बंद असे. शुक्रवारी सकाळी न्यायची, दिवे लागायच्या आत आणून द्यायची, आणि दात मोडला तर खोटं बोलायचं नाही, एवढ्या अटीवर करवत आणि वाकस मिळाले.

म्हणून आमच्या घरात त्या वर्षी शुक्रवारला फार महत्त्व आलं. संक्रांत झाल्यावर मी सुरुवात केली. माझ्या दोघी मुली शाळेत गेल्या, अक्का जेवून आडव्या झाल्या की मी पदर खोचून मागे जायची. इतर दिवशी खड्डे खणणं, लाकूड साफ करणं, खिळे उपटणं. शुक्रवारी कापणं आणि तासणं.

सगळ्यात आधी जागा आखली. निंबाच्या सावलीच्या कडेला एक खुंटी ठोकली, तिला चार हात दोरी बांधली आणि दुसऱ्या टोकाला काडी धरून गोल काढला. आता ह्या गोलावर सहा खांब सारख्या अंतरावर कसे धरायचे? मी सातवीपर्यंत शिकलेली. बराच वेळ पावलं मोजून बघितलं, जमेना. शेवटी सहज म्हणून तीच दोरी गोलावर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी ठेवत गेले. सहाव्या वेळी बरोबर जिथून निघाले होते तिथे येऊन पोचले. मला खरं वाटेना, पुन्हा करून बघितलं. पुन्हा तेच. शाळेत हे शिकवलं असेल, नसेल. मला ते त्या दिवशी मातीत सापडलं आणि मी एकटीच उभी राहून हसले.

गोठ्याचे खांब सागाचे होते, वरून काळे पडलेले पण आतून खणखणीत. पहारीनं दोन दोन हात खोल खड्डे खणले. तिसऱ्या खड्ड्यात खाली काळा दगड लागला. दोन दिवस फोडायचा प्रयत्न केला, ठिणग्या निघाल्या, दगड हलला नाही. मग त्या खांबाचं बूड तेवढं कापून बसवलं. खांब एकटीनं उभा करायचा म्हणजे त्याचं बूड खड्ड्याच्या तोंडाशी आणायचं, समोरच्या कडेला फळी लावायची आणि डोक्याकडून खांद्यावर घेत घेत पुढे चालायचं. बूड फळीवरून घसरत खाली जातं आणि खांब आपोआप उभा राहतो. पहिला खांब उभा राहिला तेव्हा मी त्याला मिठी मारून उभी होते, कारण सोडला तर पडेल आणि मुरूम भरायला हात मोकळा नाही. शेवटी पायानंच मुरूम लोटला. दुसऱ्या खांबापासून आधी दोरीनं बांधून घ्यायची अक्कल आली.

हे त्या खेपेला भुसावळहून पंधरा दिवसांनी परत आले, तेव्हा चार खांब उभे होते. कोट न उतरवताच मागे आले, बघितलं आणि कुणाला लावलंस म्हणून विचारलं. मीच करतेय म्हटल्यावर म्हणाले, चाचांना बोलावू, दोन दिवसांत करून देतील. मी म्हटलं, नको. का नको ते मला नीट सांगता आलं नाही. ते आत गेले, जेवले आणि झोपले. आमच्या ह्यांचा स्वभाव वाईट नव्हता, पण लोक काय म्हणतील हे त्यांना सगळ्यात आधी ऐकू यायचं.

अक्का मात्र बोलल्या. एका शुक्रवारी मी तासत बसले होते आणि ढलप्या वाऱ्यानं उडून मागच्या दारातून घरात गेल्या. अक्का त्या गोळा करून बाहेर आल्या, माझ्या पुढ्यात टाकल्या. "जे सोडं, ते तू परत घरमा आनं," म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. त्यांनी लहानपणापासून माहेरी सुताराच्या घरात काय काय सोसलं होतं, मला थोडंफार माहीत होतं. उधारी थकवणारी गिऱ्हाइकं, दारात उभं करून बोलणारे पाटील. मुलाला कोट मिळाला तेव्हा त्या सगळ्यातून आपण सुटलो असं त्यांना वाटलं होतं, आणि आता सून पुन्हा ढलप्यांत बसली होती. मी काम थांबवलं नाही. त्या दिवशी पटाशी निसटून डाव्या तळव्यात गेली. हळद दाबली, पट्टी बांधली, आणि अक्कांना दिसू नये म्हणून भाकरी उजव्या हातानंच थापली. त्यांना दिसलंच. दुसऱ्या दिवसापासून भाकरी त्यांनी थापल्या.

खांबांच्या डोक्यावर आडव्या तुळया बसवल्या. खांबाच्या डोक्याला कूस काढायची, तुळईला पटाशीनं भोक पाडायचं, दोन्ही एकमेकांत बसवून बाभळीची पाचर ठोकायची. पहिली कूस मी तीनदा बिघडवली. चौथ्यांदा बसली ती अशी बसली की काढायला गेले तर निघेना.

मग छप्पर. सहा वासे वर एका ठिकाणी यायचे होते. साहेबांच्या छत्रीत ते लोखंडाला डाग देऊन जोडले होते, मला लाकडात जोडायचे होते. आठ दिवस विचार करत होते. उत्तर समोरच पडलेलं होतं: गाडीचं चाक. चाकाच्या मधला जो जाड लाकडी गोळा असतो त्याला तुंबा म्हणतात, त्यात चहूबाजूंनी आरे बसवलेले असतात. मी मोडक्या चाकाचे आरे काढून टाकले. बारा भोकं होती. एक सोडून एक घेतलं की सहा. वासे आऱ्यांसारखे त्यात बसतील, फक्त खालच्या अंगाला उतरते. म्हणजे कूस तिरकी काढावी लागणार. एका वाशावर काडीनं माप धरून तिरकी कूस काढली, बसली, आणि मग त्या मापावरून बाकीच्या पाच.

जमिनीवर सगळं छान बसत होतं. वर चढवायला गेले आणि फसले. एक वासा तुळईवर टेकवून दुसऱ्या टोकाला तुंबा धरायचा, तोवर दुसरा वासा घालायचा, असं मला वाटलं होतं. दोन वासे घातले, तिसरा उचलायला खाली उतरले, तर सगळं डोक्यावरून खाली आलं. मी बाजूला उडी मारली म्हणून वाचले. एक वासा मधोमध चिरला, तो पुढे नवा काढावा लागला. आवाज ऐकून अक्का धावत आल्या, मला धड बघितलं आणि परत गेल्या. दोन शुक्रवार मी करवत आणायलाच गेले नाही. चाचांनी मुलींकडे निरोप पाठवून विचारलं, तब्येत बरी आहे ना.

चैत्र लागला आणि गल्लीतल्या मुली दारात आल्या. आखाजीचा झोका बांधायला आमच्या निंबाची फांदी त्यांना हवी होती. आमच्याकडे आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. सासरच्या मुली माहेरी येतात, झाडाझाडाला झोके लागतात. मी हो म्हटलं आणि त्यांना दोर वर टाकून देत होते. दोर फांदीवरून गेला, खाली आला, त्याला फळी लोंबू लागली. मी तशीच उभी राहिले. मुलींना म्हटलं, पलीकडच्या फांदीला बांधा गं, ही बंगलीवरची फांदी मला हवी आहे.

पुढच्या शुक्रवारी मी विहिरीचा दोर त्या फांदीवर टाकला. तुंब्याच्या मधल्या भोकातून, जिथे गाडीचा आस जातो तिथून, दोर ओवला, खाली आडवं दांडकं अडकवलं आणि तुंबा वर ओढून बरोबर मधोमध, हव्या त्या उंचीवर लोंबता ठेवला. आता त्याला कुणी धरायची गरज नव्हती. शिडी सहा वेळा हलवली. एक वासा बसवला की त्याच्या समोरचा, मग पुढचा, मग त्याच्या समोरचा. पाचरा ठोकल्या. दुपार कलली होती, मुली शाळेतून येऊन दप्तरं घेऊन पायरीवर बसल्या होत्या. अक्का दारात होत्या. मी दोर सोडला. तुंबा एक बोट खाली आला, सहाही वासे एकदम कर्र वाजले, आणि सगळं जिथल्या तिथे थांबलं.

मी शिडीवर चढून तुंब्यावर हात ठेवला आणि अंगाचा भार टाकला. हललं नाही. तसा आनंद मला पुढे आयुष्यात फार वेळा झाला नाही. कुणाला सांगावंसं वाटलं, पण सांगायला कुणी नव्हतं, आणि त्याचंही काही वाटलं नाही.

छपराला तुराट्यांच्या ताट्या बांधल्या, वर बाजारातून आणलेलं गवत अंथरलं. ते आठ दिवसांचं काम. खाली शेणानं सारवलं. शेवटचा हात फिरवून मी अंग धुवायला गेले, बाहेर येऊन बघते तर अक्का आत मांडी घालून बसलेल्या, मिसरीची डबी मांडीवर. मला बघून म्हणाल्या की घरात ऊन फार झालं म्हणून आले. त्यानंतर दुपारच्या त्या तिथेच असत. गल्लीतल्या बायकाही येऊ लागल्या. निवडणं, टिपणं, पापड, गप्पा. शेजारच्या माडीवरून मारवाडी शेठ रोज वाकून बघत. सरकीचा आणि कापसाचा त्यांचा मोठा व्यवहार होता आणि गावाबाहेर बाग होती.

एके दिवशी दळण आणायला गेले होते. गिरणीत एक ओळखीची बाई म्हणाली, तुझ्या वडिलांनी फार सुंदर करून दिली हो. मी म्हटलं, कुणी सांगितलं? ती म्हणाली, तुमच्या ह्यांनीच सांगितलं माझ्या मालकांना.

घरी आले, डबा ठेवला. रात्री जेवताना मी ह्यांना विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. ताटाकडे बघत म्हणाले, "मग काय सांगू? गार्डाची बायको वाकस घेऊन बसते म्हणून?"

मी आमटी वाढली. भांडले असते तर बरं झालं असतं, पण मला भांडणाएवढाही राग आला नाही. दुसऱ्या दिवशी मी बंगलीत बसले नाही.

आखाजीला मला न्यायला दरवर्षी भाऊ येई. त्या वर्षी त्याला गिरणीत सुटी मिळाली नाही, म्हणून आबा स्वतः आले. लग्नाला दहा वर्षं झाली होती, आबा माझ्या घरी तिसऱ्यांदा येत होते. पाय धुतले, चहा घेतला आणि हात धुवायला म्हणून मागच्या दारी गेले. बराच वेळ परत आले नाहीत. मी दारात जाऊन बघितलं. ते बंगलीत उभे होते. टोपी काढून हातात धरलेली. खांबाला अंगठ्याचं नख लावून सांध्यावरून फिरवत होते. सांध्यात नख अडकतं का, ते बघायची त्यांची तीच रीत होती. एक सांधा झाला, दुसरा झाला. मग मान वर करून तुंब्याकडे बघत राहिले.

"हाई कूस कोनी काढी?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"मी काढी, आबा."

"पाचर कसानी शे?"

"बाभूयनी."

ते तिसऱ्या खांबापाशी गेले. डोळा बारीक करून त्याच्याकडे बघितलं. उंचीत दोन बोटांचा फरक होता, बूड जास्त कापलं गेलं होतं. मी तो माझ्यापरीनं चपटा दगड घालून झाकला होता आणि आजवर कुणाच्या लक्षात आला नव्हता. आबा म्हणाले, "खाले दगड लागना व्हई." मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली. चूक कुणाची हे त्यांना खांबाकडे बघूनच कळलं होतं, आणि ती त्यांनी दगडाच्या नावावर लिहिली.

तेवढ्यात हे मागे आले आणि त्यांच्यामागून शेठ आले. आबा आल्याचं त्यांनी माडीवरून बघितलं असावं. अक्काही आल्या. शेठनी आबांना नमस्कार केला आणि म्हणाले की एवढं बारीक काम चाळीसगावात कुणाचं नाही, माझ्या बागेत हुबेहूब अशीच करून द्या, माणसं लागतील तेवढी देतो. हे माझ्याकडे बघत नव्हते, आबांकडेही नव्हते. मी पदर ओढून दाराशी उभी होते. आबा नुसतं हो म्हणाले असते तरी चाललं असतं. जावयाची लाज राहिली असती, काम मिळालं असतं.

आबांनी टोपी डोक्यावर घातली. "मन्हं काम नही हाई, शेठ," ते म्हणाले. "बठ्ठं काम मन्ही पोरनं शे. मी त आजच देखं."

शेठ हसले, मग थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं. अक्का पुढे झाल्या. त्यांनी शेठना सांगितलं की संक्रांतीपासून चाललं होतं, एकटीनं केलंय, मी घरातच होते, कुणी हात लावला नाही. हे सांगताना त्यांचा आवाज कोट वाळत घालताना असायचा तसा होता. शेठ छान छान म्हणत निघून गेले. हे तिथेच उभे होते. मग म्हणाले, आबा, बसा ना. आणि आबा, हे आणि अक्का तिघंही खाली बसले.

दुसऱ्या दिवशी मी, मुली आणि आबा भडगावच्या एसटीत बसलो. अर्धा रस्ता आबा खिडकीबाहेर बघत होते. मग अचानक म्हणाले, तुंबा एकटीनं वर कसा धरलास? मी निंबाची फांदी सांगितली, विहिरीचा दोर सांगितला, खालचं दांडकं सांगितलं. ते ऐकत होते. गाडीचा आवाज फार होता, म्हणून नीट कळलं नसेल असं मला वाटलं.

"परत सांग," ते म्हणाले.

मी परत सांगितलं, पहिल्यापासून. दुसऱ्यांदा सांगताना लक्षात आलं की त्यांना पहिल्यांदाच सगळं कळलं होतं.

शेठ माझ्याकडे काही आले नाहीत. त्यांनी काम चाचांना दिलं. चाचा एका दुपारी आले, बंगलीभोवती दोनदा फिरले आणि तुंबा कसा टांगला ते त्यांनीही विचारलं. मी काडीनं जमिनीवर काढून दाखवलं. शेठच्या बागेत त्यांनी तशीच उभी केली, नवं लाकूड, वर कौलं. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत की असल बघायची असेल तर गार्डसाहेबांच्या परसात जा. पहिल्या पावसाळ्यात तिचं टोक गळलं, तेव्हा उपाय विचारायलाही माझ्याकडेच आले.

ह्यांनी माफी वगैरे मागितली नाही. आमच्या पिढीत ती रीत नव्हती. पण पावसाळ्यानंतर त्यांच्याबरोबरचे दोन गार्ड घरी जेवायला आले होते आणि त्यातल्या एकानं मागचं दार उघडं बघून विचारलं, ही कुणी केली? मी चुलीपाशी होते. ह्यांनी घास खाली ठेवला. मग म्हणाले, "हिनं केली. एकटीनं." दुसरं वाक्य जरा घाईनं आलं, पण आलं. पुढे कुणी विचारलं की ते आपणहून आत घेऊन जात आणि तुंबा दाखवत. काही वर्षांनी तर त्यांना सगळ्या सांध्यांची नावं पाठ झाली होती, आणि चुकीची सांगत.

मग दुष्काळ पडला. चाऱ्याला पैसे देऊनही चारा मिळेना. गल्लीच्या शेवटी एकाची बैलजोडी होती, ती बैलं नुसती उभी असत. अक्का एक दिवस बंगलीतून बाहेर आल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, ते गवत काय कामाचं आता, पाऊस तर नाही. मी शिडी लावली आणि छप्पर उतरवलं. धुळकटलेलं, दोन-अडीच वर्षांचं जुनं गवत, पण बैलांनी खाल्लं. ताट्या सरपणाला गेल्या.

त्यानंतर वर्षभर बंगली उघडी होती. वर फक्त सहा वासे आणि मधे तुंबा. ऊन सरळ आत येई, बसायला तिचा काही उपयोग नव्हता. तरी मी सकाळी ऊन चढायच्या आत तिथे चहा घेऊन जायची. गवत होतं तोवर लोकांना छप्पर दिसत होतं, सांधे झाकलेले होते. आता एकूण एक सांधा दिसत होता. रस्त्यानं जाणारा माणूस कुंपणावरून मान वर करून बघायचा, थांबायचा, आणि मला उगीच चहा प्यायला वेळ लागायचा.